डब्लिनला निघालेली सात किलोंची बॅग

स. न. वि. वि.
मुलीच्या बाळंतपणासाठी मी आणि आमचे हे पुढच्या महिन्यात डब्लिनला जाणार आहोत. मुंबई-दुबई-डब्लिन असं एमिरेट्सचं तिकीट आहे. परदेशचा पहिलाच प्रवास. मागे पुण्याहून दिल्लीला जाताना अगदी विमानाच्या दाराशी माझी ट्रॉली बॅग वजनाला लावली, ती सव्वानऊ किलो भरली. सगळ्या रांगेसमोर बॅग उघडून साड्या काढाव्या लागल्या आणि वर पैसेही भरावे लागले. तेव्हापासून धसकाच घेतलाय. शेजारीण म्हणते सात किलो, भाचा म्हणतो अमेरिकेच्या विमानात वजनच करत नाहीत, दुकानदार म्हणतो ही बॅग ‘केबिन साइज’ आहे, निश्चिंत जा. खरं कुणाचं? पर्स वेगळी धरतात का? ह्यांचं इन्सुलिन, डिंकाचे लाडू, तिखट-मसाले, लोणचं यातलं काय कुठे ठेवू? शिवाय जावईबापूंनी आम्हा दोघांसाठी डब्लिनहून चार दिवस रोमला जायचं रायनएअरचं तिकीट काढलंय. तिथे हीच बॅग चालेल ना?
– एक होणारी आजी, सांगली

ताई, सप्रेम नमस्कार.

शेजारणीचं खरं आहे आणि भाच्याचंही. दोघं वेगवेगळ्या कंपन्यांबद्दल बोलताहेत एवढंच. भारतातल्या कंपन्या साध्या वर्गात सात किलोंची एक केबिन बॅग नेऊ देतात. अमेरिकेतल्या डेल्टा, युनायटेड आणि अमेरिकन या मोठ्या कंपन्या तिथल्या प्रवासात सहसा वजन बघत नाहीत, फक्त माप बघतात, आणि ते आहे २२ बाय १४ बाय ९ इंच. लुफ्तान्साची मर्यादा आठ किलो आहे. ब्रिटिश एअरवेज तर २३ किलोंपर्यंतची बॅग आत नेऊ देते, अट अशी की ती डोक्यावरच्या कप्प्यात तुम्हाला स्वतःला ठेवता आली पाहिजे. दुकानदाराच्या ‘केबिन साइज’ला मात्र कुणाचाच आधार नाही. सगळ्या जगासाठी एकच माप असावं म्हणून विमान कंपन्यांच्या ‘आयाटा’ या संघटनेने २०१५ साली ५५ बाय ३५ बाय २० सेंटिमीटर असं माप सुचवलं होतं. उत्तर अमेरिकेतून इतका विरोध झाला की ती योजना काही दिवसांतच बाजूला ठेवावी लागली. म्हणजे बॅगेवरचं लेबल हा फक्त बनवणाऱ्याचा अंदाज असतो.

त्यामुळे ज्या कंपनीच्या विमानात तुम्ही प्रत्यक्ष बसणार आहात, तिचा आणि तुमच्या तिकिटाच्या प्रकाराचा नियम तेवढा आपला. तिकीट एका कंपनीचं आणि विमान दुसरीचं असंही पुष्कळदा होतं. तेव्हा विमान ज्याचं, त्याचं माप साधारणपणे लागू होतं. आणि एकाच प्रवासात दोन-तीन कंपन्या असतील, तर त्यातली सगळ्यात कडक कंपनी तुमची बॅग ठरवते. तुमच्या प्रवासात ती कडक कंपनी एमिरेट्स नाही, रायनएअर आहे. तिच्याकडे शेवटी येते, कारण तिच्यासाठी वेगळीच तयारी लागणार आहे.

आधी एमिरेट्स. साध्या वर्गात एक नग, वजन सात किलो, माप ५५ बाय ३८ बाय २२ सेंटिमीटर. मात्र भारतातून चढणाऱ्यांसाठी त्यांनी वेगळी अट ठेवली आहे: लांबी, रुंदी आणि जाडी यांची बेरीज ११५ सेंटिमीटरच्या आत. आपल्याकडे सगळीकडे जे ११५ ऐकू येतं ते हेच. इंडिगोचं ५५ बाय ३५ बाय २५ घ्या, बेरीज बरोबर ११५ येते. आता इथे एक खाच आहे. २५ सेंटिमीटर जाडीची बॅग घेऊन तुम्ही मुंबईहून निघालात तर ती बेरजेत बसते, पण परतताना डब्लिनला २२ची जाडी लागू होते आणि तीच बॅग तीन सेंटिमीटरने जाड ठरते. तुमच्या ट्रॉलीला मधोमध फिरणारी जादा चेन असेल, जी उघडली की बॅग फुगते, तर ती चेन पूर्ण प्रवासात बंदच ठेवा. जमलं तर तिच्या कडीला दोऱ्याची गाठ मारून टाका, म्हणजे परतीच्या गडबडीत कुणी ती उघडणार नाही.

माप घरी घ्यायचं ते असं. बॅग नेहमीसारखी भरा, रिकामी मोजू नका, कारण कापडी बॅगेचं पोट भरल्यावरच पुढे येतं. मग ती भिंतीला टेकवून उभी करा. वर एक जाड पुस्तक आडवं धरा आणि जमिनीपासून पुस्तकाच्या खालच्या कडेपर्यंत टेपने मोजा. चाकं आणि मूठ दोन्ही मापात धरतात, बाहेरचे खिसेसुद्धा. बहुतेक जण फक्त खोक्याचा भाग मोजतात आणि चाकांचे चार-पाच सेंटिमीटर विसरतात. विमानतळावर जी लोखंडी चौकट ठेवलेली असते तिच्यात बॅग चाकांसकट जावी लागते आणि जोर न लावता बाहेरही यावी लागते.

वजनाकडे मात्र जास्त लक्ष द्या, कारण तुमच्या दिल्लीच्या प्रवासात घात वजनाने केला, मापाने नाही. कडक कवचाची चार चाकांची ट्रॉली रिकामीच अडीच ते तीन किलो भरते. म्हणजे सात किलोंतले जवळजवळ निम्मे नुसत्या बॅगेतच गेले. तुमच्या हातात राहिले चार. तीच एक हलकी कापडी पाठपिशवी किंवा खांद्यावरची प्रवासी पिशवी एक किलोच्या आत असते आणि सहा किलो सामान घेते. मला विचाराल तर पाठदुखी नसेल तर यजमानांनी पाठपिशवी घ्यावी आणि तुम्ही ट्रॉली. दुबईच्या टर्मिनलमध्ये चालायला खूप लागतं, तिथे चाकं कामाला येतात.

घरी वजन करायला हुकाचा लहान वजनकाटा मिळतो, बॅगेच्या मुठीला अडकवून उचलायचा. तो नसेल तर माणसांच्या वजनकाट्यावर आधी नुसत्या उभ्या राहा, मग बॅग हातात घेऊन, आणि वजाबाकी करा. काटे थोडे इकडेतिकडे होतात, म्हणून घरी साडेसहा किलोंना थांबा. दोघांचे मिळून चौदा किलो असा हिशेब केबिन बॅगेला लावू नका. एकाची पाच आणि दुसऱ्याची नऊ असं इथे चालत नाही, प्रत्येक बॅगेचं वजन वेगळं बघतात. आणि काउंटरवरच्या काट्यावर केबिन बॅगही ठेवायला सांगितली तर दचकू नका. तिथे जादा निघालं तर निदान चेक-इनच्या, म्हणजे विमानाच्या पोटात जाणाऱ्या मोठ्या बॅगेत हलवायला वेळ आणि जागा असते. विमानाच्या दाराशी दोन्ही नसतात. तुमच्यावर तेव्हा आलेली वेळ फार वाईट होती. साठीच्या बाईला रांगेत बॅग उघडायला लावण्याऐवजी हेच वजन काउंटरवर करता आलं असतं, असं मला मनापासून वाटतं.

सात किलोंचा हट्ट कंपन्या का धरतात हेही सांगते. डोक्यावरच्या प्रत्येक कप्प्यात किती किलोंपर्यंत भार ठेवावा हे आतल्या बाजूला लिहिलेलं असतं. विमान हेलकावलं आणि कप्प्याचं दार उघडलं तर वरून पडणारी दहा किलोंची बॅग डोकं फोडू शकते. छोट्या विमानांत, म्हणजे आपल्याकडच्या लहान शहरांना जाणाऱ्या पंख्यांच्या एटीआरमध्ये, हे कप्पे इतके लहान असतात की मोठ्या विमानात सहज बसणारी ट्रॉली तिथे बसतच नाही. शिवाय बॅग वर ठेवायची ती आपणच. हवाईसुंदरी मदत करेल, पण ते तिचं काम आहे असं धरून चालू नका. खांद्याच्या वर हात नेऊन तुम्हाला सुखाने उचलता येईल इतकीच बॅग भरा, मग ती पाच किलोंची का असेना.

आता पर्सचा प्रश्न. इथे दोन वेगळी खाती आहेत आणि लोक त्यांची सरमिसळ करतात. बॅग केवढी आणि किती वजनाची हे विमान कंपनी ठरवते. बॅगा किती आणि आत काय, हे भारतात ब्युरो ऑफ सिव्हिल एव्हिएशन सिक्युरिटी ही सरकारी यंत्रणा ठरवते, आणि मुंबईसारख्या विमानतळावर तपासणीला उभे असलेले सीआयएसएफचे जवान तिचे नियम पाळतात. त्या नियमात हातातली बॅग एकच, पण तिच्याशिवाय काही वस्तू चालतात: बायकांची पर्स, लॅपटॉप, कोट किंवा शाल, छत्री किंवा काठी, प्रवासात वाचायचं पुस्तक, प्रवाशाची औषधं, तान्ह्या बाळाचं खाणं. म्हणजे मुंबईत पर्स त्या एका बॅगेत मोजत नाहीत, ती वेगळी चालते. एमिरेट्सच्या नियमात मात्र साध्या वर्गाला एकच नग लिहिलेला आहे. म्हणून पर्स लहान घ्या, वेळ आली तर बॅगेत सरकवता येईल एवढी. शॉपिंगची वेगळी पिशवी, डब्यांची वेगळी पिशवी, असं करू नका. लोकांचं अडतं ते बहुधा त्या तिसऱ्या पिशवीपाशी.

डब्लिनला गारवा असतो. जाड कोट बॅगेत कोंबू नका, हातावर घ्या. किलो-दीड किलो तिथेच वाचतात, आणि दुबईच्या गार वातानुकूलित हॉलमध्ये तो अंगावर घेता येतो.

आत काय ठेवायचं, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. बहुतेक घरांत आधी मोठ्या बॅगा भरतात आणि जे उरलं ते केबिन बॅगेत जातं. तुम्ही उलटं करा. आधी केबिन बॅग भरा, आणि मोठी बॅग दोन दिवस उशिरा आली तर ज्याच्यावाचून अडेल ते सगळं तिच्यात जाऊ द्या. पासपोर्ट, व्हिसाची कागदपत्रं, मुलीचा पत्ता आणि फोन कागदावर लिहिलेला, दागिने, पैसे, चष्म्याची जादा जोडी, दोघांचा एकेक कपड्याचा जोड, आणि औषधं.

इन्सुलिन पूर्णपणे केबिन बॅगेत, एकही पेन किंवा बाटली मोठ्या बॅगेत नको. विमानाच्या पोटातल्या सामानाच्या जागेत तापमान फार खाली जाऊ शकतं, आणि एकदा गोठलेलं इन्सुलिन निकामी होतं, बाहेरून ते तसं दिसलं नाही तरी. सोबत डॉक्टरांची चिठ्ठी हवी, त्यात औषधाचं मूळ नाव, मात्रा, आणि सुया व गार ठेवायचे जेल पॅक लागतात हे लिहून घ्या, इंग्रजीत. औषधं मूळ खोक्यातच राहू द्या. गोळ्या काढून डब्यात भरायची आपली सवय घरी ठीक आहे, तपासणीला नाही. पातळ औषधांना प्रवासापुरत्या मात्रेत १०० मिलिलिटरच्या अटीतून सूट मिळते, पण ती मागताना चिठ्ठी दाखवावी लागते.

दागिने आणि किमती वस्तू मोठ्या बॅगेत का नकोत, त्याला कायद्याचं कारण आहे. आंतरराष्ट्रीय प्रवासात बॅग हरवली, फाटली किंवा उशिरा आली तर भरपाई १९९९च्या मॉन्ट्रियल करारानुसार मिळते, आणि तिला वरची मर्यादा आहे. २८ डिसेंबर २०२४पासून ती प्रत्येक प्रवाशामागे १,५१९ एसडीआर झाली, एसडीआर म्हणजे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबाचं एकक. रुपयांत ती रक्कम पावणेदोन-दोन लाखांच्या आसपास जाते. बॅगेत पाच लाखांचं मंगळसूत्र होतं म्हणून पाच लाख मिळत नाहीत. आणि बॅग पट्ट्यावर आलीच नाही तर विमानतळ सोडण्याआधी तिथल्याच काउंटरवर लेखी तक्रार नोंदवून नंबर घ्या. घरी जाऊन फोन करू, असं म्हणू नका.

मोठ्या बॅगा भरताना तुमचे दोघांचे कपडे दोन्ही बॅगांत निम्मे निम्मे टाका. एक बॅग चुकली तरी कुणीच उघडं पडत नाही.

आता खाण्याचं. तुमच्या पत्रात सगळ्यात जीव याच ओळीत होता, म्हणून सविस्तर.

डिंकाचे लाडू कोरडे, तपासणीला त्यांची अडचण नाही. अडचण वजनाची. दोन किलो लाडू केबिन बॅगेत घातले तर सातातले दोन गेले, म्हणून थोडे जवळ ठेवा आणि बाकीचे मोठ्या बॅगेत. तिखट आणि मसाल्याच्या पुड्या केबिन बॅगेत अजिबात नकोत. मिरची पूड डोळ्यांत फेकता येते म्हणून ती अडवतात आणि तिथे वाद घालून काही मिळत नाही. गोडा मसाला, मेतकूट, काळं तिखट सगळं चेक-इनच्या बॅगेत, दुहेरी पिशवीत, बाहेर नाव लिहून. लोणच्याला तेल आहे, म्हणजे ते पातळ पदार्थांच्या नियमात येतं: १०० मिलिलिटरच्या वर नाही. लोणचं, तूप, मध, केसांचं तेल हे सगळे त्याच रांगेतले. पातळ पदार्थांचा हा नियम २००६ साली लंडनहून अमेरिकेकडे जाणारी विमानं द्रव स्फोटकांनी उडवायचा कट उघडकीला आला तेव्हापासूनचा आहे. लोणच्याची बरणी मोठ्या बॅगेत ठेवताना झाकणाखाली प्लॅस्टिकचा कागद लावून झाकण घट्ट करा आणि बरणी टॉवेलमध्ये गुंडाळा.

खोबऱ्याच्या वाट्या मात्र घरीच ठेवा. सुकं खोबरं हवाई वाहतुकीच्या धोकादायक मालाच्या यादीत आहे, कारण तेल असलेलं खोबरं बंद जागेत आपोआप तापून पेट घेऊ शकतं. ओटीसाठी अख्खा नारळ न्यायचा असेल तर तो केबिन बॅगेत चालत नाही, मोठ्या बॅगेत ठेवा. अडकित्ता, विळी, कात्री हेही मोठ्या बॅगेत. बाळाचं टोपडं विणायला सुया घेणार असाल तर त्याही तिकडेच टाका.

विमानतळ पार झाला तरी डब्लिनला कस्टम्स आहे, आणि तिथला नियम वेगळाच. आयर्लंड युरोपियन युनियनमध्ये आहे, आणि बाहेरच्या देशांतून प्रवाशांनी दुधाचे किंवा मांसाचे पदार्थ आणायला तिथे बंदी आहे. त्यामुळे साजूक तूप, खवा, पनीर नेऊ नका. टिकाऊ मिठाई आणि बिस्किटांना साधारणपणे त्यातून सूट आहे. ताजी फळं, भाज्या आणि पानं यांना भारतातल्या कृषी खात्याचा दाखला लागतो. सूट फक्त पाच फळांना आहे: अननस, नारळ, केळी, खजूर आणि ड्युरियन. कढीपत्त्याची जुडी म्हणूनच नको, आंब्याची पेटी तर नकोच. मुलीला घरचं तूप हवं असेल हे समजतं मला. बाळंतिणीला तूप हवंच. पण लोणी तिकडे उत्तम मिळतं, ते आणून तिच्याच स्वयंपाकघरात कढवा, घरभर वास दरवळेल.

पॉवर बँकबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण हल्ली बॅग उघडायला लावतात ती पुष्कळदा त्यासाठी. पॉवर बँक चेक-इनच्या बॅगेत चालत नाही, कारण तिच्यातल्या लिथियम बॅटरीने पेट घेतला तर तो माणसांच्या डोळ्यांसमोर असायला हवा, म्हणजे विझवता येतो. जानेवारी २०२५मध्ये दक्षिण कोरियाच्या बुसान विमानतळावर एक विमान उड्डाणाआधीच जळालं, आग डोक्यावरच्या कप्प्यात लागली होती, आणि त्यानंतर बऱ्याच कंपन्यांनी नियम कडक केले. एमिरेट्सचा १ ऑक्टोबर २०२५पासूनचा नियम असा: माणशी एकच पॉवर बँक, १०० वॉट-अवरच्या आतली, तिच्यावर क्षमता छापलेली असली पाहिजे, विमानात तिच्यावर फोन चार्ज करायचा नाही, आणि ती वरच्या कप्प्यात न ठेवता समोरच्या खिशात किंवा सीटखालच्या बॅगेत ठेवायची. बाजारात मिळणारी २०,००० एमएएचची पॉवर बँक साधारण ७४ वॉट-अवरची असते, म्हणजे चालते. छापील अक्षरं पुसट झालेली जुनी असेल तर नवी घ्या.

यातूनच एक गोष्ट निघते. विमान भरलेलं असलं की दाराशी कर्मचारी नम्रपणे सांगतात, वर जागा उरली नाही, तुमची बॅग खाली सामानात टाकू. पैसे घेत नाहीत, त्यामुळे लोक चटकन हो म्हणतात, आणि औषधं, पासपोर्ट, पॉवर बँक सगळं खाली जातं. यासाठी केबिन बॅगेच्या अगदी वर एक कापडी थैली ठेवा. त्यात इन्सुलिन, चिठ्ठ्या, कागदपत्रं, दागिने, पॉवर बँक. बॅग द्यायची वेळ आली तर चेन उघडून ती थैली उचलायची आणि बॅग देऊन टाकायची. दहा सेकंदांचं काम.

दुबईला विमान बदलताना पुन्हा तपासणी होते, म्हणून मुंबईत तपासणीनंतर घेतलेली पाण्याची बाटली तिथे जाईल. रिकामी बाटली जवळ ठेवा आणि आत गेल्यावर भरा. हीच अडचण परतीला जास्त होते. डब्लिन विमानतळावर सप्टेंबर २०२५पासून नवी स्कॅनर यंत्रं आहेत आणि दोन लिटरपर्यंतची बाटली केबिन बॅगेत नेता येते. ते पाहून तुम्ही शांपू-परफ्यूम आत घ्याल, आणि दुबईला तो कचऱ्यात जाईल. परतीच्या प्रवासातही १०० मिलिलिटरचाच हिशेब धरा.

आता रोम.

बॅगेच्याही आधी व्हिसा बघा. आयर्लंड युरोपियन युनियनमध्ये असला तरी शेंगेन क्षेत्रात, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, नाही. भारतीय पासपोर्टवर नुसत्या आयरिश व्हिसाने इटलीत जाता येत नाही, त्यासाठी वेगळा शेंगेन व्हिसा लागतो. बरेच जण इथे फसतात, कारण मुलं तिथे राहतात, त्यांच्याकडे तिथली कागदपत्रं असतात, आणि आईवडिलांना तोच नियम असेल असं ती धरून चालतात. जावईबापूंना आजच फोन करून विचारा. तुमच्याकडे शेंगेन व्हिसा असेल तरच पुढचं वाचा.

रायनएअरच्या साध्या तिकिटात एकच छोटी बॅग फुकट असते, ४० बाय ३० बाय २० सेंटिमीटर, आणि ती पुढच्या सीटच्या खाली बसली पाहिजे. तुमची ट्रॉली धरली ५५ बाय ३५ बाय २५, तर तिची जागा ४८ लिटरची. या बॅगेची २४. बरोबर निम्मी. पर्सही त्यातच. जादा पैसे भरून ‘प्रायॉरिटी’ घेतली तर दहा किलोंची दुसरी बॅग वर ठेवता येते, पण तिचं माप ५५ बाय ४० बाय २० आहे. जाडी २०. म्हणजे पैसे भरूनही २५ जाडीची ट्रॉली पाच सेंटिमीटरने नापास. तुमच्या ट्रॉलीला त्या विमानात वर ठेवायची जागाच नाही, हे आत्ताच मनाशी पक्कं करा.

आणि तिथे कुणी दुर्लक्ष करेल अशी आशा ठेवू नका. मोठी बॅग दाराशी पकडली तर ७५ युरोंपर्यंत आकारतात, आणि अशी बॅग पकडणाऱ्या कर्मचाऱ्याला कंपनी बक्षीस देते. ते बॅगेमागे दीड युरो होतं, नोव्हेंबर २०२५पासून अडीच. कंपनीचे प्रमुख मायकेल ओ’लिअरी हे उघडपणे सांगतात. मला ही पद्धत पटत नाही. माणूस प्रवासाला निघाला की हातात एक पिशवी असणारच. युरोपच्या न्यायालयाने २०१४ साली व्ह्यूलिंग या स्पॅनिश विमान कंपनीच्या खटल्यात हेच म्हटलं, की वाजवी वजन-मापाची हातातली बॅग हा प्रवासाचाच भाग आहे, तिचे वेगळे पैसे घेऊ नयेत. पण ‘वाजवी’ म्हणजे किती, ते आकड्यांत सांगितलं नाही, आणि कंपन्या त्या फटीतून आजही निसटतात. स्पेनने नोव्हेंबर २०२४मध्ये रायनएअरसह पाच कंपन्यांना मिळून १७.९ कोटी युरोंचा दंड केला, तो वाद पुढे न्यायालयात गेला. त्याचा निकाल तुमच्या रोमच्या प्रवासाला उपयोगी पडणार नाही. त्यामुळे मापात बसणारी बॅग हाच उपाय.

चार दिवसांसाठी दोघांना दोन मऊ कापडी पाठपिशव्या पुरतात. सांगलीत शाळेची दप्तरं मिळतात तशीच एखादी मध्यम मापाची घ्या, पण टेप बरोबर नेऊन. मऊ पिशवी चौकटीत थोडी दबते, कडक ट्रॉली दबत नाही. दोन जोड कपडे, औषधं, पातळ शाल, घालायचे बूट पायात, कोट अंगावर. इन्सुलिनची थैली इथेही सगळ्यात वर. आणि या दोन पिशव्या मुंबईहून निघताना मोठ्या बॅगेत घडी करून टाका, म्हणजे डब्लिनला खरेदीची धावपळ नको.

एक शेवटचं, तेही रायनएअरचंच. त्यांचा कागदी बोर्डिंग पास नोव्हेंबर २०२५पासून बंद झाला, तो फोनमधल्या त्यांच्या अॅपवर असतो, आणि चेक-इन आधीच ऑनलाइन करावं लागतं. तुमच्यापैकी एकाच्या फोनमध्ये ते अॅप जावईबापूंकडून घालून घ्या, दोघांचे पास त्यात उघडतात का ते त्यांच्यासमोर दोनदा करून बघा, आणि त्या दिवशी फोन पूर्ण चार्ज करून निघा. युरोपबाहेरच्या पासपोर्टची कागदपत्रं ते वेगळी तपासतात, त्यासाठी नेहमीपेक्षा अर्धा-पाऊण तास आधी पोचा.

मुलीला आणि होणाऱ्या बाळाला आशीर्वाद. बॅगेचं माप घेतल्यावर काही अडलं, तर तिन्ही आकडे आणि वजन लिहून परत पत्र पाठवा.